दूधमावशीचं नाक

"घ्या, वास घ्या! नाक आहे ना तुम्हाला? मग घ्या की!"

उघडा डबा औषधवाल्याच्या काउंटरवर आपटून दूधमावशी उभी होती. आपटण्याच्या धक्क्यानं डब्यातली पिवळट पूड उडाली आणि काचेवर सांडली. मावशीच्या डाव्या खांद्यावर तिची तान्ही नात, टिल्ली, भुकेनं रडून रडून हुंदक्यांवर आली होती. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले एक गृहस्थ खोकणं विसरून दोन पावलं मागे सरकले.

औषधवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला, डब्यात डोकावून बघितलं आणि चटकन मान मागे घेतली.

"बघा! तुमचं तोंडच सांगतंय," मावशी म्हणाली. "ओल्या पोत्यात बटाटे कुजावेत तसा वास. आणि हे मी ह्या जिवाच्या पोटात घालू?"

"मावशी, डबा सीलबंद होता ना?"

"सीलबंद होता म्हणून तर पाप झाकून राहिलं! मीच उघडला आज."

"डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचाच आहे हो. ह्याला जरा वास असतो बहुतेक."

"बहुतेक?" मावशीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "बहुतेक म्हणे! औषधांचं दुकान टाकलंय की अंदाजांचं?"

"अहो, बदलून द्या ना," खोकलेवाले गृहस्थ मध्ये पडले. "लहान बाळाचा प्रश्न आहे."

दुकानापुढे माणसं थबकू लागली होती. औषधवाला स्वभावानं वाईट नव्हता, पण चारचौघांत आवाज चढला की तो लगेच नमतं घेई. त्यानं मागच्या फळीवरून दुसरा एक डबा काढला. डब्यावर गुबगुबीत गालांचं बाळ हसत होतं. "हा न्या. हा जास्त खपतो. पोटाला हलका. मुलं आवडीनं पितात."

मावशीनं तिथल्या तिथे झाकण काढलं, आतला पत्रा ओढला आणि डबा नाकाशी नेला. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या.

"हां! ह्याला म्हणतात वास," ती म्हणाली. "हे दूध आहे. दूध!"

आणि नातीला खांद्यावर सावरत, लढाई जिंकल्यासारखी ती दुकानाची पायरी उतरली.

दूधमावशीच्या नाकाला त्या भागात मान होता. कोपऱ्यावरचं दूध केंद्र तिचंच. नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. त्या मुलाला कॅनच्या ओळीमागे खोक्यात निजवून तिनं धंदा केला. पहाटे गाडी आली की प्रत्येक कॅनचं झाकण उचलून आधी वास घ्यायचा आणि मगच कॅन उतरवून घ्यायचा, ही तिची रीत. गाडीवाला तिला टरकून असे. गल्लीतल्या बायका सकाळी पातेली घेऊन यायच्या. मावशी हातभर अंतरावरून नाक वळवायची आणि निकाल द्यायची: "दुपारपर्यंत टिकेल." "आत्ता उकळ, उभ्या उभ्या." "फेक. मांजरालाही घालू नकोस." त्या निकालावर कुणी कधी अपील केलं नाही.

नाक जसं तिखट तसा रागही. पण तिनं एक नेम पाळला होता. शटर उघडताना देवाचं नाव घ्यायचं आणि पहिलं माप विकलं जाईपर्यंत तोंडातून कडू शब्द काढायचा नाही. "पहिलं माप देवाचं," ती म्हणे, "नंतरचं तोंड माझं." सवयीची गिऱ्हाइकं म्हणूनच मुद्दाम लवकर यायची. दुसऱ्या मापापासून कुणाचं काय ऐकून घ्यावं लागेल ह्याचा नेम नसे.

अशा बाईच्या घरात जन्मलेल्या पोरीला दूध सोसत नाही म्हणे!

हे ऐकलं त्या दिवशी मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सून बाळंतपणात आजारी पडली, कडक औषधं सुरू झाली आणि अंगावरचं पाजणं बंद करावं लागलं. पावडरीचं दूध सुरू झालं. त्यावर टिल्लीला उलट्या होऊ लागल्या, गालांवर लाल चट्टे उठले आणि एके दिवशी लंगोटात रक्ताचे धागे दिसले. बाळांची डॉक्टर म्हणाली, दुधाची ॲलर्जी असावी असा संशय आहे. तिनं चिठ्ठीवर वेगळा डबा लिहून दिला.

"संशय! दुधावर संशय!" मावशी घरभर फिरत होती. "अर्धी गल्ली माझ्या दुधावर वाढली. माझा हा घोडा वाढला. आणि आता माझीच नात दुधाला परकी?"

"तुझ्या दुधाला कोण काय म्हणतंय आई?" मुलगा म्हणाला. तो इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करायचा. दिवसभर अडकलेल्या माणसांचा आरडाओरडा ऐकून घरी आल्यावर त्याला शांतता हवी असे, आणि ती त्याला ह्या घरात कधी मिळाली नव्हती. "डॉक्टर आहे ती. तिला कळतं."

सून टिल्लीला थोपटत होती. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. कमी बोलायची आणि बोललं तर एकदाच बोलायची. वेगळ्या डब्यातली पावडर तीच मोजायची, बाटली तीच भरायची, तीच धुवायची. मावशी केंद्र बंद करून यायची तोवर सगळं उरकलेलं असे. टिल्लीच्या गालांवरचे चट्टे फिके पडत चालले होते. पण मावशीच्या नाकाला खोलीत काहीतरी खुपत होतं. एकदा ती सुनेला बोललीही. "बाटल्या नीट धूत जा गं. आंबूस वास मारतोय."

"त्या पावडरीला वास तसाच असतो, आई," सून म्हणाली होती.

मावशीनं ते उलट उत्तर म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

रजा संपून सून कामावर गेली तो हा पहिला दिवस. सकाळी शेजारणीच्या हवाली केलेली टिल्ली मावशीनं केंद्र बंद केल्याबरोबर ताब्यात घेतली होती. जुना डबा संपला होता. मावशीनं नवा उघडला आणि उघडताक्षणी तिच्या नाकात घाण वास घुसला. पुढचं औषधवाल्याच्या दुकानात घडलं.

घरी आल्यावर तिनं हसऱ्या बाळाच्या डब्यातली पूड गरम पाण्यात कालवली. टिल्लीनं बाटली तोंडाला लागताच डोळे मोठे केले आणि गटागटा प्यायली. रोज तोंड वेडावणारी, बाटली जिभेनं ढकलणारी ती पोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि रिकाम्या बाटलीचं बूच चोखत राहिली.

"प्या बाई, प्या," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चोरांनो, उपाशी मारत होतात होय रे माझ्या राणीला? येऊ दे तुझ्या आईला. दाखवते."

तिनं हसऱ्या बाळाचा डबा मुद्दाम दारासमोर दिसेल असा ठेवला. सुनेला काय काय सुनवायचं ते मनात जुळवून ठेवलं. थोड्या वेळानं टिल्ली पुन्हा कुरकुरली तशी दुसरी बाटली दिली.

दुसरी बाटली पोटात टिकली नाही. उलटी झाली, मग आणखी एक, मग नुसतं पाणी. मावशी तिला पुसत होती तोवर मानेवर, छातीवर गांधी उठत गेल्या. ओठ सुजले. सून घरी आली तेव्हा टिल्ली रडतही नव्हती. मावशीच्या मांडीवर कापडासारखी पडली होती.

सुनेची नजर आधी पोरीवर गेली, मग दारासमोरच्या डब्यावर. तिनं पोर उचलली आणि तशीच रस्त्यावर धावली. मावशी मागून धावली, पायात एकच चप्पल.

इस्पितळात टिल्लीला सुई टोचली, सलाइन लावलं, नाकाशी नळी धरली. श्वास ताळ्यावर आला तशी डॉक्टर बाहेर आली. ती वयानं सुनेएवढीच होती आणि रागानं लाल झाली होती.

"डबा कोणी बदलला?"

मुलगा कामावरून थेट आला होता, हाताला ग्रीस तसंच. त्यानं आईकडे बघितलं.

"मी," मावशी म्हणाली.

"का?"

"सडका वास येत होता."

"तसाच येतो! दुधातलं जे हिला बाधतंय असं वाटतंय, ते त्यात तोडून तोडून बारीक केलेलं असतं. त्यानं वास बिघडतो, चव बिघडते. पण म्हणून तर ते हिला चालतं. काही दिवस दूध पूर्ण बंद ठेवायचं आणि मग इथे, माझ्या समोर, थोडंसं देऊन बघायचं असं ठरलं होतं. खात्री करायला. तुम्ही ते घरी, एकट्यानं, पोटभर देऊन बघितलंत."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मावशी उसळली. राग हा तिला येणारा एकच रस्ता होता आणि ती त्यावर धावत सुटली. "चिठ्ठीवर लांबलचक नावं लिहिता. 'ह्याला घाण वास येतो' एवढं लिहायला शाई संपते का तुमची?"

"सांगितलं होतं. तुमच्या सुनेला."

सून आत खाटेशी उभी होती, टिल्लीचा पाय मुठीत धरून. तिनं वळूनही बघितलं नाही. "मीही सांगितलं होतं, आई," ती म्हणाली. "बाटलीवरून बोललात, तेव्हा."



"सगळीकडे नाक कशाला खुपसतेस गं तू?" मुलगा म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीशी खाली बसला आणि ग्रीसच्या हातांनी त्यानं तोंड झाकलं.

पहाटे दुधाची गाडी कुणासाठी थांबत नाही. मावशी इस्पितळातून परस्पर केंद्राकडे निघाली. टिल्लीनं डोळे उघडले होते. एवढं बघून निघाली. औषधाचं दुकान वाटेवरच होतं, इस्पितळाच्या गिऱ्हाइकांसाठी पहाटेच उघडायचं. औषधवाला शटर वर ढकलत होता. शटर अर्ध्यावर होतं तेव्हाच मावशीनं त्याला गाठलं.

केंद्र उघडलं नव्हतं. पहिलं माप विकलं गेलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या नेमाची आठवण झाली नाही.

"अरे कसाया! माझी पोर मारायला निघाला होतास का? चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तुला वाचता येत होतं ना? मी अडाणी. मला दुधापलीकडे काही कळत नाही. तू कोट चढवून कशाला बसतोस इथे? 'पोटाला हलका' म्हणे! तुझं काळीज हलकं, तुझी अक्कल हलकी!"

औषधवाल्यानं शटर तसंच सोडलं. त्याचा चेहरा पडला होता. "काय झालं बाळाला?"

"इस्पितळात आहे. सलाइन लावलंय. मेली असती!"

तो पायरीवर टेकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझं चुकलं, मावशी. चिठ्ठीवरचा डबा मी बदलायला नको होता. पण तुमच्या तोंडापुढे कोण उभं राहतं?"

"म्हणजे मला भिऊन विष दिलंस?"

"विष नव्हतं ते," औषधवाला म्हणाला. "दूध होतं. तुम्हीच म्हणालात की. वास घेऊन. 'हे दूध आहे.' अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणालात. मला वाटलं, आता बाळाला दूध चालत असेल."

मावशीच्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती तिथेच राहिली.

नाकानं तिला फसवलं नव्हतं. एका डब्यात साधं दूध नाही आणि दुसऱ्यात आहे, हे त्यानं चोख सांगितलं होतं. पोरीला दूध द्यायचं नाही, हेही घरातल्या प्रत्येकानं सांगितलं होतं. तरी तो गोड वास आल्याबरोबर तिचा ऊर भरून आला होता. शेवटी माझंच खरं झालं, असं वाटून.

तिकडून गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. ती गेली. शटर उघडलं, देवाचं नाव घेताना तिची जीभ अडखळली. कॅन उतरले. गाडीवाला तिच्या वास घेण्याची वाट बघत थांबला आणि ती गप्प आहे असं बघून, शंका येऊन, स्वतःच झाकणं उचलून वास घेऊ लागला. पहिलं माप विकलं गेलं. दुसरं गेलं. दिवसभरात मावशी कुणाला काही बोलली नाही. गिऱ्हाइकांना वाटलं, तिला ताप आहे.

टिल्ली घरी आली. सुनेनं पुन्हा रजा घेतली. भांडली मात्र नाही. मावशी त्या भांडणाची वाट बघून बघून थकली. एकदा ये, हवं ते बोल, माझ्या अंगावर डबा फेक, असं तिला होई. सून फक्त येता-जाता बाजूला सरके, परक्याला वाट द्यावी तशी. सडक्या वासाचा डबा आता वरच्या फळीवर असे. मावशीचा हात पोचणार नाही तिथे.

पहिल्याच दिवशी मावशी केंद्रावरून आली आणि पाळण्याकडे वळली तेव्हा सून म्हणाली, "आई, तिला घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवा. आणि कपडे बदला."

"का? माझ्या अंगाला काय लागलंय?"

"दूध."

मावशी पेटली. ज्या वासानं तिचा मुलगा झोपायचा, जो वास पदराला होता म्हणून गल्लीतली पोरं तिच्या मागे मागे फिरायची, तो आता धुऊन यायचा! "दूध म्हणजे काय गटार आहे का गं?"

"हिच्यासाठी आहे," सून म्हणाली आणि बाटली भरू लागली.

मावशीनं मोरीत जाऊन बादली आपटली. तांब्या आपटला. साबणाची वडी आपटली, ती फुटली. एकेक बोट खरडून काढावं तसे तिनं हात धुतले, कातडी लाल होईपर्यंत. कपडे बदलले. बाहेर आली तोवर टिल्ली झोपली होती.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही बादली आपटली, पण जरा कमी.

देवापुढे बसली की ती हात जोडायची आणि नेमाची ओळ म्हणायच्या ऐवजी भांडायची. "मला नाक दिलंस. एवढं मोठं दिलंस. मग त्याच्या मागे चमचाभर डोकं ठेवायला काय झालं होतं तुला?" देव ऐकून घेत असे. तो तेवढा एकच उरला होता.

एका सकाळी गल्लीतली एक नवी लग्न झालेली मुलगी पातेलं घेऊन केंद्रावर आली. "मावशी, बघा ना जरा. कालचं आहे. राहिलंय का गेलंय?"

मागे उभ्या असलेल्या बायका निकाल ऐकायला सवयीनं पुढे झुकल्या. वास तर मावशीला आलाच होता. पातेलं कोपऱ्यावर वळलं तेव्हाच आला होता. तिनं मापाची मूठ घट्ट धरली.

"उकळून बघ," ती म्हणाली.

"अहो, पण तुम्ही नुसतं नाक लावलंत तरी..."

"उकळून बघ म्हटलं ना! फाटलं तर कळेल, नाही फाटलं तरी कळेल. मला काय विचारतेस?"

मुलगी ओशाळून गेली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यानंतर पातेली येणं हळूहळू कमी झालं.

चट्टे पुन्हा गेले. टिल्लीच्या मांड्यांना वळ्या पडू लागल्या. डॉक्टरनं सांगितलेला, तिच्या समोर थोडं दूध देऊन बघण्याचा दिवस अजून लांब होता, आणि त्या दिवशी काय निघेल हे कुणालाच माहीत नव्हतं. तोवर हाच डबा. सून तो आता लांबच्या एका दुकानातून आणायची. औषधवाल्याच्या दुकानावरून जाताना मावशी दुसऱ्या बाजूनं चाले. तोही तेव्हा फळीवरचं काहीतरी शोधू लागे.

त्या संध्याकाळी सून नवा डबा घेऊन आली. मावशी हात धुऊन, कपडे बदलून कोपऱ्यात बसली होती, भिंतीला टेकून. हल्ली ती तशीच बसायची. बोलावलं तर उठायचं, नाहीतर नाही. टिल्ली भुकेनं मुठी चोखत होती. सुनेनं चिठ्ठी काढून डब्यावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. झाकण काढलं. आतला पत्रा ओढला. मग चमचा उचलता उचलता थांबली.

ती उठली आणि डबा मावशीच्या तोंडासमोर आणून धरला.

मावशीनं वर बघितलं. सुनेच्या डोळ्यांत राग होता, अजून तसाच होता. त्यात कुठे माफी दिसते का म्हणून मावशीनं शोधलं, दिसली नाही. पण डबा समोर होता आणि धरणारा हात हलत नव्हता.

मावशी पुढे वाकली. डोळे मिटून तिनं वास घेतला, कॅनचं झाकण उचलून घ्यायची तसा. कुजलेले बटाटे. ओलं पोतं.

"सडका आहे," ती म्हणाली.

"मग बरोबर आहे," सून म्हणाली.

तिनं झाकण मावशीच्या हातात दिलं, चमचा सपाट करून पूड मोजली, बाटली हलवली आणि टिल्लीला स्वतःच्या मांडीवर घेतलं. टिल्लीनं तोंड वेडावलं, जिभेनं ढकलून बघितलं आणि मग नाइलाजानं पिऊ लागली. बाटली रिकामी होईपर्यंत मावशी जागची हलली नाही. झाकण दोन्ही हातांत धरून बसून राहिली.